खिचडीवरून काढलेली भरती

माझ्या मित्राला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. त्यानंतरचे पाच महिने त्याने दादरच्या घरात आरामखुर्चीत काढले. डॉक्टर म्हणत, चाला. हा म्हणे, चालेन, पण आज नको. जिन्याच्या पायऱ्या नुसत्या दिसल्या तरी त्याला घाम फुटायचा. शेवटी त्याची बायको त्याला आठ दिवसांसाठी आमच्याकडे बोईसरला घेऊन आली आणि परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी मला बाजूला घेऊन म्हणाली, "भावजी, यांना चालायला लावा. पण तुमचे नाटकी उद्योग नकोत. दुपारची गोळी एक वाजता. आणि मला हे आहेत तसे परत हवेत."

मी छातीवर हात ठेवून शपथ घेतली. त्यांच्या घरात छातीवर हात ठेवणे आता गमतीचे राहिले नव्हते, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळले.

मी तेव्हा रंगाच्या कारखान्यात होतो. रोज कामावर जाण्याआधी आम्ही दोघे बाहेर पडायचो. पहिल्या दिवशी पानाच्या टपरीपर्यंत. तिसऱ्या दिवशी बेटेगावच्या रस्त्याला अर्ध्यापर्यंत. मी पुढे हात हलवत, वरातीतल्या बँडमास्तरसारखा. तो मागे. दर पन्नास पावलांवर थांबून मनगट धरून ठोके मोजायचा.

"किती भरले?" मी विचारायचो.

"तू बोललास. चुकलं. आता पहिल्यापासून."

गुरुवारी तो बेटेगावला जाऊन परत आला खरा, पण चेहरा असा, की कुणाला तरी पोचवून आलाय, आणि ते कुणीतरी तो स्वतःच आहे. मला वाटले, याला नुसते चालणे पुरायचे नाही. याला काहीतरी बघायला न्यायला हवे.

शुक्रवारी आमच्या कारखान्याला सुट्टी. बेत असा: सकाळच्या एसटीने मुरबे, तिथे किनाऱ्यावर फेरफटका, मग होडीने खाडी ओलांडून सातपाटी, तिथून बसने पालघर, शटलने बोईसर. बाराला घरी. म्हणून गोळ्या घरीच ठेवल्या.

"होडीला पाणी असेल ना?" त्याने विचारले.

हा प्रश्न विचारून त्याने मला रंगमंचच दिला. किनाऱ्यावरच्या माणसांना भरतीचे वेळापत्रक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. ही विद्या मी नुकतीच शिकलो होतो आणि दिसेल त्याला शिकवत होतो. "काल घरात साबुदाण्याची खिचडी झाली. म्हणजे काल एकादशी. आज द्वादशी. बारा पाऊण नऊ. बरोब्बर नऊ वाजता खाडी काठोकाठ!" मी हात पसरून खाडी दाखवली. त्याने मान डोलावली आणि चपला घातल्या.

सव्वानऊला आम्ही मुरब्याच्या धक्क्यावर उभे होतो. समोर खाडी नव्हतीच. लांबच्या लांब काळाभोर चिखल, त्यात कलंडलेल्या होड्या, आणि पार मधोमध पाण्याची एक बारीक धार. त्या धारेत एक छोटी होडी.

पाटी डोक्यावर घेऊन एक कोळीण चिखलात उतरत होती. मी विचारले, "मावशी, पाणी कुठे गेलं?"

"कुठं जाईल? ओहटीला जातं तिथं गेलं. आता चारला भरंल."

"चारला? आज द्वादशी ना?"

ती थांबली. पाटी सावरून तिने मला नीट पाहिले. "काल संकष्टी झाली ना, दादा. आज पंचमी हाय. घरात बायकू उपास करते, आन तुमाला कंचा ते बी ठावं नाय?"

मी खिचडी दोनदा मागून घेतली होती. चंद्रोदयाची वाट बघणारी बायको मात्र मला दिसली नव्हती.

आता गंमत संपली. परतीची एसटी दोन वाजता. गोळ्या बोईसरला. मी घड्याळाकडे पाहिले आणि मला वहिनींचा आवाज ऐकू आला.

"होडीपोतर चिखलातून चालावं लागंल," ती म्हणाली. "आमी रोजच जातो. माज्या पावलावर पाऊल टाका."

"मावशी, याला हृदयाचा त्रास आहे हो."

मित्राने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि माझ्याकडे न बघता उतरला.

पुढे ती, मध्ये तो, मागे मी, सूचना देत. "हळू. दम घे. डावीकडे बघ." डावीकडे दाखवायला म्हणून मी वाटेबाहेर एक पाऊल टाकले आणि गुडघ्यापर्यंत आत गेलो. दुसरा पाय सोडवायला गेलो, तोही गेला. मी ओरडलो असणार, कारण मित्र मागे वळला आणि माझ्याकडे यायला लागला.

"येऊ नकोस! तुला जोर लावायचा नाहीये!"

"गप्प बस."

"वहिनी मला जिवंत सोडणार नाही!"

"हात दे, लेका."

त्याने माझा हात धरला आणि ओढले. त्याच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसत होती. तेवढ्या वेळात मी जितके देव आठवले तितके जन्मात आठवले नव्हते. मी सुटलो, माझी एक चप्पल मात्र आतच राहिली. मित्र कमरेवर हात ठेवून धापा टाकत उभा. मी त्याच्या ओठांचा रंग बघत होतो. आणि तो हसायला लागला. पाच महिन्यांत पहिल्यांदा, चांगला खदाखदा.

कोळीण दुरून म्हणाली, "तुमच्यातला आजारी नक्की कोन हाय?"

पुढचे सगळे घाईत झाले. होडी, सातपाटी, बस. पालघरला शटल समोरच्या फलाटावर उभी होती आणि मध्ये पूल. मी त्याच्याकडे पाहिले. "गाडी सुटेल," तो म्हणाला आणि कठडा धरून चढू लागला, सावकाश, न थांबता. मी एका चपलेवर मागे.

एकला पाच मिनिटे असताना त्याने गोळी घेतली. पाय धुतले, तीन पोळ्या खाल्ल्या आणि झोपला. मी त्याच्या उशाशी स्टूल घेऊन बसलो. बनियन वर होतंय, खाली येतंय. एकदा मला वाटले, थांबले. मी वाकून नाकाजवळ बोट नेले.

त्याने एक डोळा उघडला. "जिवंत आहे. चहा टाक. आणि असा तोंडावर वाकू नकोस, त्यानेच जायचा माणूस."

मी स्वयंपाकघरात गेलो, स्टोव्ह पेटवला, आधण ठेवले. मी भिंतीला टेकून खालीच बसलो. आधण उकळून अर्धे झाले तरी मला उठवेना. मी एकटाच वेड्यासारखा हसत होतो, आणि आतून तो हाका मारत होता, "अरे, चहा करतोयस की मुरब्याहून पाणी आणतोयस?"