काकांचे अकरा सेकंद

वसंतदादा गेल्याचा फोन कोठी भागातल्या माझ्या दुकानात आला, तेव्हा मी कुणाच्या तरी साखरपुड्यासाठी कॅसेट भरत होतो. फोन ठेवला, उरलेली तीन गाणी भरली आणि मगच शटर ओढलं. असा मी माणूस. पुढे कळलं की तीन गाणी म्हणून मी एकच गाणं तीनदा भरलं होतं... गिऱ्हाईक काही बोललं नाही. त्यालाही कुणीतरी सांगितलं असावं.

दादा माझा चुलतभाऊ. विद्यापीठात संगणक शिकवायचा आणि दर डिसेंबरात मल्टिमीडिया संगणनावरची परिषद भरवायचा. आमच्या घराण्यात सगळे कचेरीत नाहीतर शाळेत, मी एकटा दुकानदार. त्यामुळे परिषदेच्या कापडी पिशव्या अफझलगंजातून घाऊक आणणं आणि माईकच्या वायरी जोडणं माझ्याकडे. छातीवर बिल्ला असायचा, त्यावर माझं नाव आणि खाली ‘ध्वनी’. एका परदेशी पाहुण्यानं त्यावरून मला शास्त्रज्ञ समजून बराच वेळ काही विचारलं. मी गंभीरपणे मान हलवली आणि बिस्किटांची बशी पुढे केली. देशाची दारं नुकती उघडली होती. ज्या सुट्या भागासाठी दादा पूर्वी वर्षभर परवान्याची वाट पाहायचा, तो आता दुकानात सहज मिळायला लागला. त्याचे विद्यार्थी एका वर्षी परिषदेत निबंध वाचायचे आणि पुढच्या वर्षी अमेरिकेतून पत्र पाठवायचे. दादा मात्र दिलसुखनगरच्या घरी आईवडिलांजवळच राहिला.

त्याचा विषय होता आवाज लहान करणं. माणसाचं बोलणं संगणकात फार जागा खातं, म्हणून त्यातलं कानाला न कळणारं काढून टाकायचं आणि उरलेलं घडी घालून ठेवायचं, असं त्यानं मला माझ्या भाषेत समजावलं होतं. पहिल्या परिषदेसाठी नमुन्याचा आवाज हवा होता, तेव्हा त्यानं काकांना, म्हणजे स्वतःच्या वडिलांना, माझ्या टेपसमोर बसवलं. काका जमिनीच्या दफ्तरात नोकरी करून निवृत्त झालेले. कोटाची सगळी बटणं लावून, छायाचित्राला बसावं तसे ते बसले. दादानं खूण केली, पण काकांना ती कळलीच नाही. टेपवर आलं ते एवढंच: “चालू झालं का रे, मियाँ? हौ? मग आधी सांगायचं की... मी केव्हाचा नीट बसलोय.” अकरा सेकंद. दादाला ते इतकं आवडलं की पुढे दर वर्षी तोच नमुना वाजू लागला. मराठीचं अक्षर न कळणारे पाहुणेसुद्धा चहाच्या रांगेत एकमेकांना “हौ, मियाँ?” विचारायचे.

मूळ कॅसेट दादानं माझ्याकडे जपायला दिली होती. पाठीमागचे प्लास्टिकचे दोन तुकडे मोडून दिली होती, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही भरता येऊ नये. आणि मी काय केलं? लग्नसराईत कोऱ्या कॅसेटी संपल्या, तेव्हा त्या भोकांवर चिकटपट्टी लावली, जशी रोज दहा कॅसेटींना लावायचो, आणि हळदीची गाणी भरून गिऱ्हाइकाला देऊन टाकली. कोणती कॅसेट हाती आली, ते पाहिलंही नाही. त्यानंतर काका गेले. तेराव्याला काकूनं कॅसेट मागितली, तेव्हा मी दुकानभर शोधली आणि मग मला लग्नसराईतली ती चिकटपट्टी आठवली.

दादाला मी मोरीच्या दाराशी गाठून सांगितलं. तो बराच वेळ हातावर पाणीच घेत राहिला. मग म्हणाला, “बाळ्या, तू गप्प बस. तुला ती उभा फाडेल. माझ्याशी फक्त बोलणार नाही.” बाहेर जाऊन त्यानं आईला सांगितलं की संगणकात घालताना कॅसेट त्याच्या हातून पुसली गेली. काकू खरोखरच आठ महिने त्याच्याशी धड बोलली नाही. ताट वाढायची, पण पुढ्यात सरकवून निघून जायची. मी जवळच असायचो... आणि जेवायचो.

त्या डिसेंबरात ती पहिल्यांदा परिषदेला आली आणि मागच्या रांगेत बसून नवऱ्याचा आवाज ऐकून गेली. दादानं संगणकातला आवाज कॅसेटवर उतरवून देऊ केला, तर नको म्हणाली. “घरात त्यांचं कोण ऐकत होतं? इथं दोनशे माणसं गप्प बसून ऐकतात.” मग ती दर वर्षी येऊ लागली. पण मूळच उरलं नव्हतं, त्यामुळे दादा आदल्या वर्षीचाच आवाज आणखी दाबायचा. एका वर्षी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, इतका तो लहान झाला होता. काकू तेवढी उठली नाही. म्हणाली, “वसंता, हे बोलायच्या आधी श्वास घ्यायचे. तो कुठं गेला?”

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, दादा माझ्या दुकानात आला. पंखा बंद करायला लावला, शटर अर्धं ओढलं आणि माईकसमोर बसून नुसता श्वास घेऊ लागला. गाणं म्हणतोयस की प्राणायाम करतोयस, असं मी विचारलं. तो हसला नाही. “बाबांना थोडी धाप असायची ना? तशी यायला हवी.” घामानं सदरा भिजेपर्यंत तो श्वास घेत होता. त्यातला एक निवडून त्यानं काकांच्या बोलण्याआधी जोडला. पुढच्या परिषदेत काकूनं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाली, “हं.” बस, एवढंच. नंतर तिचे गुडघे गेले, परिषदेला येणं थांबलं. तेव्हा मात्र तिनं कॅसेट घेतली. दादानं तिच्यावर तेच अकरा सेकंद, श्वासासकट, पुन्हापुन्हा भरून दिले.

दादाला जाऊन तीन आठवडे झाल्यावर मी काकूकडे गेलो आणि हळदीच्या गाण्यांचं सगळं सांगून टाकलं. ती मला उभा फाडेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “आठ महिने रे, बाळू. पोरगं समोर बसून जेवत होतं... मी त्याला भात हवा का, एवढंसुद्धा विचारलं नाही.” म्हणून मग मी श्वासाचंही सांगितलं.

तिनं मला टेप लावायला सांगितला. खोलीत तो श्वास आला, किंचित धाप लागलेला, आणि तिनं हात वर केला. तिथंच थांबवायचं होतं. पण इतकी वर्षं हाच धंदा करूनही माझं बोट चुकलं. काका बोलायला लागले, “चालू झालं का रे...”

“तुम्ही थांबा हो जरा,” काकू टेपकडे पाहून म्हणाली. “वसंताला ऐकतेय मी.”

मी कॅसेट श्वासापर्यंत मागे घेतली.