सुताची मुळाक्षरं

दिपोटीसाहेबांना त्या वर्षी हस्तव्यवसायाचं वेड लागलं. तोवर ते तसे निरुपद्रवी होते. वर्षातून एकदा शाळा तपासायला यायचे, मुलींना फळ्यावरची अक्षरं वाचायला लावायचे, हेडबाईंकडचे पोहे खायचे आणि टांग्यात बसून निघून जायचे. पण कुठल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांच्या डोक्यानं घेतलं, की लहान मुलाला अक्षर ओळखता येतं की नाही हे विचारून कळतच नाही. त्याच्याकडून ते घडवून घ्यायला हवं. मातीचं, चिंचोक्यांचं, सुताचं अक्षर मुलानं स्वतःच्या हातानं केलं, म्हणजे ते त्याला आलं. "मुलं बोलणार नाहीत बाई, त्यांचे हात बोलतील," असं ते मला म्हणाले. माझ्याकडे बिगरीचा वर्ग होता, म्हणजे शाळेतल्या सगळ्यांत धाकट्या मुली. त्यांचे हात काय काय बोलतात ते मला रोज धुवावं लागत होतं.

आमची शाळा वडगावात, विणकरांच्या वस्तीत. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. निम्म्या मुली घरात कानडी बोलणाऱ्या, वर्गात एवढ्या मुली की मांडीला मांडी लागलेली, आणि शिकवायला मी एकटी. तरी बरं, पाटीवर गिरवून, ओरडून, क्वचित कान पिळून दिवाळीपर्यंत बाराखडीला हात घालता यायचा. त्या वर्षी मात्र हुकूम आला, की आधी माती.

माती आणली. तळ्याकाठची, चांगली चिकण. आमच्या भागात आषाढाच्या तोंडावर मातीच्या बैलांची अमावास्या येते. घरोघरी पोरं बैल करतात आणि ते देव्हाऱ्यापुढे पुजतात. त्यामुळे हातात माती आली की या मुलींची बोटं एकच गोष्ट जाणत होती. 'ब' करा म्हटलं, बैल झाला. 'क' करा म्हटलं, बैल झाला. 'ग' म्हटल्यावर एकीनं गाय केली, तेवढाच काय तो फरक. आठवडाभर घसा फोडल्यावर अक्षरं एकदाची व्हायला लागली, तर नवीच पंचाईत. केलेला 'क' मोडून त्याच मातीचा 'ख' करा, असं म्हणायची सोय राहिली नाही. मोडायचं नाव काढलं की रडारड. दुसऱ्या दिवशी बघते तर खिडकीतल्या सगळ्या अक्षरांना हळदकुंकू. एका 'घ'पुढे गुळाचा खडा, आणि त्याला मुंग्या.

मी हेडबाईंना म्हटलं, "अहो, या मुली अक्षराची पूजा करतायत, ओळख कधी करून घ्यायची?" हेडबाईंच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. त्या म्हणाल्या, "साहेब म्हणतील तसं करा. कॅम्पातल्या शाळेत प्रदर्शन भरणार आहे, तिथं आपलं टेबल रिकामं दिसायला नको." म्हणजे अक्षरं मुलींना यायला नकोत, टेबलाला यायला हवीत. मग मी ती वाळवली, गेरूनं रंगवली, टोपलीत घालून टांग्यानं कॅम्पात नेली. या सगळ्या उद्योगात निम्मं वर्ष चिखलात गेलं आणि मुळाक्षरं 'म'पाशी अडकून बसली.

माती संपली तेव्हा साहेबांना साक्षात्कार झाला, की विणकरांच्या मुलींना सूतच द्यायला हवं. पाटी ओली करायची आणि तिच्यावर दोरा मांडून अक्षर करायचं. वार्षिक परीक्षाही तशीच घेणार, पाटीवर दिसेल त्याला गुण. चिकोडीकडच्या शाळांत म्हणे हा प्रयोग फार यशस्वी झाला होता. चिकोडीकडच्या बाया काय म्हणत होत्या, ते त्यांनी सांगितलं नाही.

मी मुलींना घरून दोरा आणायला सांगितला आणि एक अक्षर घरी करून आणा म्हटलं. ही तर शुद्ध हौस झाली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवलेली अशी काही अक्षरं आली, की मी बघतच राहिले. एका 'च'ला जरीची कड होती. विणकराच्या घरातून वाकडं काम बाहेर पडणं म्हणजे नाक कापलं जाणं, त्यामुळे पोरीनं केलेलं वेडंवाकडं अक्षर आयांनी उसवून स्वतः केलं होतं. आयांना लिहिता येत नव्हतं, पण पोरीच्या पाटीवरचं बघून हुबेहूब उतरवलं होतं. परीक्षा घ्यायचीच तर आया पहिल्या वर्गात पास झाल्या असत्या. मी घरचा अभ्यास बंद केला आणि म्हटलं, काय करायचं ते वर्गात, माझ्यासमोर.

आता त्या एका मुलीचं सांगते, कारण हे सगळं रामायण मला तिच्यामुळेच आठवतं. सहा-सात वर्षांची, काटकुळी, परकर टाचेपर्यंत लोंबणारा. वर्गात तोंड म्हणून उघडायची नाही. घरी कानडी-मराठी दोन्ही, त्यामुळे मराठी कळायचं, पण बोलायचं म्हटलं की ओठ शिवलेले. तिच्या आईला दमा होता. घरात एकच माग. बाप विणायचा, आणि मागाला लागणाऱ्या कांड्या भरायचं काम आईला झेपेनासं झालं होतं. कांडी म्हणजे मागावर आडव्या धावणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची नळी. रहाटावर बसून दिवसभर त्या भरत राहावं लागतं, नाहीतर माग थांबतो. दिवाळीनंतर मी तिच्या घरी गेले तेव्हा बाप मला स्पष्ट म्हणाला होता, "बाई, औंदा पास झाली तर शिकू दे. न्हाय झाली तर मला घरात हात पायजे. उगंच शाळंत बसून काय करायचं?" मला ते पटलं नाही, पण माणूस खोटं बोलत नव्हता. म्हणून मी ठरवलं होतं, की ही पोर पास व्हायलाच हवी. तोंडी परीक्षेत तिचं काही खरं नव्हतं. साहेबांच्या खुळाचा उपयोग झालाच, तर हिला होईल असं वाटून मी ते सगळं मुकाट सोसत होते.

आणि हिची पाटी रोज कोरी! सगळ्यांना अक्षर सांगायचं, मग ओळीओळीनं पाट्या बघत जायचं. हिच्यापाशी पोचावं तर ओली पाटी, तिच्यावर काही नाही, आणि ही दोरा गुंडाळलेलं बोट परकरात लपवून माझ्याकडे बघतेय. मी समजावलं, मी रागावले, मी तिच्या शेजारी हुशार मुलगी बसवली. पाटी कोरीच. शेवटी मी कपाळाला हात लावला.

परीक्षेच्या दिवशी साहेब आले. मला म्हणाले, "तुम्ही कोपऱ्यात उभ्या राहा, मुलींना खुणा करू नका." अपमान गिळून मी कोपऱ्यात गेले. वर्षभरात पहिल्यांदाच मला वर्गात काही काम नव्हतं, आणि कोपऱ्यातून समोर नेमकी तीच दिसत होती.

साहेब म्हणाले, "'ग' करा." तिनं बोटावरचा दोरा सोडला. पाटीवर 'ग' मांडला, गाठ गोल, काना सरळ, इतका सुरेख की माझ्या हातून फळ्यावर निघत नाही. क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग दोऱ्याचं टोक धरून तो सगळा 'ग' उचलला आणि सफाईनं परत बोटावर गुंडाळून टाकला. साहेब तिच्यापाशी आले तेव्हा पाटी कोरी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोरगी सूत आल्यापासून रोज अक्षरं करत होती आणि करून आवरून ठेवत होती! मग सगळं ध्यानात आलं. बाकीच्या मुली मागाखाली पडलेले तुकडे आणायच्या, गुंता झालेले, टाकाऊ. हिनं आणलेला दोरा चांगला होता, कांडीवरचा. तिच्या घरचं सूत घरचं नव्हतंच. पेठेतल्या व्यापाऱ्याकडून वजनानं आणायचं आणि साडी वजनानंच द्यायची. त्या घरात काम झालं की सूत जागच्या जागी गुंडाळायचं, सांडायचं नाही, ही शिस्त पोरीला चालायच्या आधी लागली होती. अक्षर करा असं आम्ही सांगितलं होतं. ते तसंच पसरून ठेवा, असं कुणी सांगितलं नव्हतं.

मी कोपरा सोडून पुढे आले आणि साहेबांना म्हटलं, "हिनं केलं होतं. मी पाहिलं."

"मी नाही पाहिलं," साहेब म्हणाले.

"मग तुमच्यासमोर पुन्हा करू द्या."

त्यांनी घड्याळ बघितलं, पण हो म्हणाले. 'ब' सांगितला. तिनं 'ब' केला. त्याच वेळी शिपाई टांग्याचं विचारायला आला, साहेबांनी मान वळवून त्याला उत्तर दिलं, आणि तेवढ्यात आमच्या या चिमुरड्या बाईसाहेबांनी 'ब' गुंडाळला. मी ओरडले, "अगं ठेव ना तसाच!" त्या ओरडण्यानं ती अशी दचकली, की दोन्ही हात परकरात घातले आणि मग काही केल्या बाहेर काढीना.

"साहेब, तिला येतंय हो. पाटीवर लिहायला सांगा, लगेच लिहील."

"लेखी घ्यायची असती तर वर्षभर एवढा खटाटोप कशाला केला असता? बाई, हस्तव्यवसायात वस्तू उरली पाहिजे. केलं आणि मोडलं, म्हणजे केलंच नाही."

उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी त्या दिवशी टांग्यात बसताना पाहिला. मुलगी नापास.

मी घरी गेलेच नाही. शाळा सुटल्यावर तिचा हात धरला आणि तरातरा तिच्या घरी निघाले. साहेबांना पटत नसेल तर न पटो. बापाला पटवायचं होतं. तो मागावर होता. मला बघून थांबला, खांद्यावरच्या पंच्यानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "या बाई. काय, न्हाय झाली न्हवं?"

"कागदावर नाही झाली. पण तिला सगळं येतं. तुम्हीच बघा," मी म्हटलं, आणि त्याच्याकडून एक भरलेली कांडी मागून घेतली. त्यानं दिली. पोर जमिनीवर बसली. इथं तिचे हात परकरात गेले नाहीत. मी 'क' म्हटलं, तिनं सारवलेल्या जमिनीवर 'क' मांडला आणि कांडीवर परत गुंडाळला. 'ख' म्हटलं, 'ख' झाला, गुंडाळला. 'ग', 'घ', 'च', 'छ', पार 'म'पर्यंत. एकही चुकलं नाही. आई भिंतीला टेकून, धाप आवरत बघत होती. मी वकिलाच्या थाटात बापाकडे वळले आणि विचारलं, "बघितलंत?"

"बघिटलं की," तो म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. वाकून त्यानं ती कांडी उचलली, बोटानं दाबून पाहिली, बायकोपुढे धरली. "एवढ्यांदा सोडली आन् भरली, पर तार तुटली न्हाय बघ. कुठं सैल न्हाय. लई बेस हात हाय गं पोरीचा! शिकवाय लागंल म्हणून काळजीत हुतो मी." मग मला म्हणाला, "बाई, तुमचं उपकार झालं. उद्यापास्नं बसवतोच हिला."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी संतापून म्हटलं, "अहो, कांडी काय बघताय? अक्षरं बघा! तिला पास करण्यासारखं येतंय म्हणून तर मी इथवर आले."

"व्हय, आली की अक्षरं. मग शिकलीच न्हवं का?" तो अगदी शांतपणे म्हणाला. "नापास झाली तर शाळंचा उपेग न्हाय. आन् आलंय म्हणता, तर आता शाळंत काय ऱ्हायलंय?"

मला त्याच्याशी भांडायचं होतं. तो दुष्ट असता तर भांडलेही असते. पण मागावर अर्धी साडी होती, बायकोला बसल्या जागी श्वास पुरत नव्हता, आणि त्याचं म्हणणं त्याच्या परीनं बरोबर होतं, याचाच मला सगळ्यांत जास्त राग आला. मी पिशवी उचलली आणि उठले.

तेव्हा ती बोलली. वर्षभरात पहिल्यांदा, माझ्याशी, मराठीत. "बाई, 'म'च्या फुडलं?"

मला वाटलं होतं, आपली शाळा सुटतेय हे तिला समजलं नसेल. समजलं होतं. तिनं बापाच्या हातातली कांडी मागून घेतली होती आणि सुताचं टोक मोकळं करून ती बसली होती. मी बापाकडे बघितलं. तो म्हणाला, "सांगा की बाई. थांबतो मी."

मी पिशवी खाली ठेवली, तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि बोटानं 'य' काढून दाखवला. तिनं सुतानं केला, नीट बघितला, गुंडाळला. मग 'र'. मग 'ल', 'व'. शाळेत जे वर्षभरात झालं नाही, ते आम्ही तिथं एका बैठकीत संपवलं. मी घाई करत होते, ती करत नव्हती. 'ज्ञ' तिला अवघड गेला. दोनदा सोडून तिसऱ्यांदा जमला. तो तिनं इतर अक्षरांपेक्षा जास्त वेळ तसाच ठेवला. मग गुंडाळला आणि कांडी बापाला दिली. बापानं ती धोट्यात बसवली आणि माग सुरू केला.