नाव, नातं, गरज

मला नोकरी लागली ती माझ्या स्टेटसमुळे. बी.ए. होऊन वर्ष उलटलं होतं, केनवडला घरी बसून खात होते, आणि एक दिवस आईशी भांडण झाल्यावर रागारागात मी स्टेटसला टाकलं, 'डिग्री घ्या अन् चुलीत घाला.' अर्ध्या तासात शाळेतल्या एका मैत्रिणीचा मेसेज आला. दहावीनंतर तिने मला कधी 'मेली का जिवंत' विचारलं नव्हतं. आता एकदम विचारते, 'काय करून राह्यली सध्या?'

मी लिहिलं, 'वाचलं नाई काय? चूल पेटवून राह्यली.'

तिने हसून लिहिलं, 'नागपूरले ये. आमच्या कंपनीत जागा हाय. काम फोनवर सांगता येत नाई.' मागोमाग तिचे फोटो. काळा कोट, हातात फाइल, पांढऱ्या गाडीला टेकून उभी. अव माय! वर्गात नाव विचारलं तरी जिला घाम फुटायचा ती पोट्टी एका फोटोत माइक धरून भाषण देत होती. मी फोटो आईला दाखवले, आईने शेजारणीला दाखवले. आमच्याकडे पोरीला स्थळ आलं तर लोक दोन-दोन गावं फिरून चौकशी करतात. मुलगा पितो का, वावर किती, विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं का. या कंपनीची सगळी चौकशी आम्ही ओसरीवर बसून, काचेवर बोट फिरवून उरकली. "आपल्या ओळखीची पोट्टी हाय ना तथी," आई म्हणाली, आणि माझी बॅग भरायला लागली.

ऑफिस म्हणजे एका कॉलनीतला लग्नाचा जुना हॉल होता. राहायला दोन खोल्या, त्यात आम्ही चौदा पोरी. सकाळी उठून टाळ्या वाजवायच्या, एकमेकींना 'मॅडम' म्हणायचं, मग सरांचं भाषण. सर तिशीचे, आवाज इतका मऊ की रागावले तरी कळू नये. तीन दिवस ते आमच्या स्वप्नांबद्दल बोलले आणि कामाबद्दल चकार शब्द नाही. चौथ्या दिवशी घरून पैसे मागवून मी त्यांची साबण-पावडरची पेटी विकत घेतली, तेव्हा कुठे कळलं की मी कामावर लागले. आणि काम काय, तर आपल्यासारखीच आणखी माणसं आणून बसवायची. साबण त्या पेटीतच राहिला, तो कोणी विकायला सांगितला नाही.

आमच्यावर पहारा नव्हता. लोक विचारतात, फोन हिसकावून घेतले होते काय? अहो, फोन कशाला हिसकावतील, फोन हेच तर काम होतं! पहिल्याच आठवड्यात डीपी बदलून घेतला. कोट एकच होता, आम्ही चौदाजणी आळीपाळीने घालायचो. ती पांढरी गाडी कॉलनीतल्या दातांच्या डॉक्टरची. तो दुपारी जेवायला घरी आला की आमचे फोटो सुरू व्हायचे, आणि तो हात धुऊन बाहेर यायच्या आत आम्ही हॉलमध्ये परत.

मग वही. प्रत्येकीला एक दोनशे पानी वही दिली आणि फोनमधली सगळी नावं त्यात उतरवायला सांगितली. तीन रकाने होते, नाव, नातं, गरज. गरज कशी ओळखायची ते सर शिकवायचे. कोण रडकी गाणी स्टेटसला ठेवतं, कोणी नवऱ्यासोबतचा फोटो काढून टाकला, कोणाच्या बापाच्या फोटोला नवीन हार दिसतो, कोण भरदुपारी ऑनलाइन असतं म्हणजे रिकामं आहे. "दुःखात असलेला माणूस लवकर उत्तर देतो," ते म्हणायचे, आणि ते इतक्या मायेने म्हणायचे की आम्ही माना डोलावून लिहून घ्यायचो. मला गावातल्या घराघरातलं माहीत. कोणाची सोयरीक मोडली, कोणाचा नवरा ऊसतोडीच्या हंगामाला जाऊन परत आला नाही, सगळं. माझी वही सगळ्यांच्या आधी भरली. सरांनी ती सगळ्यांसमोर उंच धरून दाखवली आणि खरं सांगते, मला त्याचा लई गर्व वाटला. आज ते आठवलं की स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते.

त्या वहीत माझी मामेबहीण होती. किन्हीराजा गावची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. आम्हा दोघींच्या फ्रॉकचं कापड मामा एकाच ताग्यातून फाडायचा, इतकं आमचं गूळपीठ. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज सकाळी हायवेच्या कडेने धावायची आणि धावतानाचे रील टाकायची. घामाने निथळलेली, ट्रकच्या धुळीत, पण हसत. मागच्या भरतीत थोडक्यात हुकली होती. मामाने सांगून ठेवलं होतं, ही शेवटची, नाही झालं तर दिवाळीनंतर लग्न.

सरांनी तिचे रील दोनदा पाहिले. "ही मुलगी हवी," म्हणाले. "ग्राउंड कधी आहे तिचं?"

मी तिच्या धावण्याच्या चाचणीची तारीख सांगितली. सर म्हणाले, "मग त्याच्या आधीच बोलवा. एकदा निवड झाली की ती आपल्या हाताला लागत नाही."

हे वाक्य त्यांनी माझ्या तोंडावर म्हटलं. त्याचा अर्थ न समजायला मी कुकुलं बाळ नव्हते. तरी मी तिच्या नावापुढे 'शेवटची संधी' असं लिहिलं आणि त्याच दुपारी कोटातला, गाडीला टेकलेला माझा फोटो आणि पगाराचा आकडा पाठवून तिला विचारलं, 'तुले किती दिवस धावाचं हाय?' खाली यायची तारीख टाकली, ग्राउंडच्या आदल्या दिवशीची. तिने एकच शब्द पाठवला, 'सांग.'

तीन-चार दिवसांनी मैत्रीण अंघोळीला गेली असताना तिची वही उघडी दिसली. मी माझं नाव शोधलं. कोणीही शोधलं असतं. नाव, माझं. नातं, शाळा. गरज, 'रिकामी. स्वभाव तापट, घरात पटत नाही. आई भोळी, लवकर तयार होईल.' मी ती ओळ उभ्यानेच वाचली. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण माझ्या आईला! घरी आली की जिला आई तिळाची चटणी भाकरीवर घालून द्यायची, तिने लिहिलं होतं हे. मी भांडायला निघाले आणि दारातच थांबले, कारण माझ्या वहीत मामीबद्दल मी याहून वाईट लिहिलं होतं.

मी बहिणीला फोन लावला. म्हटलं, "तू येऊ नको. ग्राउंड दे. इथं काई नाई."

ती म्हणाली, "काहून व ताई? परवापर्यंत त चांगलं होतं. माझं चांगलं होऊन राह्यलं त तुह्या पोटात दुखून राह्यलं काय?"

मी शप्पथ घातली. शेवटी ती म्हणाली, "बरं, नाई येत." माझा जीव भांड्यात पडला. आमच्या वहीतले नंबर सर स्वतःच्या फोनमध्ये उतरवून घेतात, हे मला माहीत होतं. तरी मी त्या 'बरं'वर विसंबून राहिले.

ग्राउंडच्या आदल्या दिवशी दुपारी ती हॉलच्या दारात उभी होती. पायात धावायचे बूट, पाठीवर बॅग, हातात सरांनी दिलेला गुच्छ. मैत्रीण समोरून तिचा व्हिडिओ काढत होती. मला पाहून ती खुशीत हसली. घरी तिने सांगितलं होतं की सकाळी लवकर हजर व्हायचं म्हणून वाशिमला मैत्रिणीकडे मुक्काम करते. बॅगेत भरतीचं प्रवेशपत्रही होतं.

तिला ओढत मी गच्चीवर नेलं. "अजून टाइम हाय. आत्ताच्या आत्ता निघ, चारची गाडी भेटते. मुक्कामाले वाशिम, सकाळी ग्राउंड. तुले काई विचारत नाई, फक्त जाय."

"अन् नापास झाली त?" ती म्हणाली. "मंग लग्नच हाय. इथी कोणी नापास होत नाई म्हणते सर."

"सर खोटं बोलते! माझा कोट खोटा, गाडी खोटी, पगार खोटा. मी तुले जे जे पाठवलं ते सगळं खोटं होतं!"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं. "तवा इतकं खोटं बोलली," ती शांतपणे म्हणाली, "मंग आता खरं बोलून राह्यली हे मी कशावरून समजू?"

खालून टाळ्या ऐकू आल्या आणि ती जिना उतरून गेली.

मामाचा नंबर माझ्याकडे होता. एक फोन केला असता तर त्याने कोणाची तरी गाडी मागून आणली असती आणि पहाटेपर्यंत पोरीला ग्राउंडवर नेऊन उभी केली असती. पण त्याने पहिलं विचारलं असतं, तिले तथी बोलावलं कोणं? मी गच्चीवर बसून चार वाजू दिले, पाच वाजू दिले. भीती वाटत होती, दुसरं काही कारण नव्हतं. मी दोन महिन्यांनी तिथून सुटून घरी आले. ती अजूनही परतली नाही, आणि आमच्या गावच्या पोरींना तिचे मेसेज येतात असं ऐकते.

ग्राउंडच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये ती पहिल्या रांगेत बसली होती. माझा फोन वाजला. मामी. मी बाहेर वरांड्यात आले.

"बाई, पोट्टीचा फोन लागून नाई राह्यला व," मामी म्हणाली. "ग्राउंडवर फोन घेऊ देत नसतीन, नाई? म्या सकाळपासून चूल नाई पेटवली, देवापुढेच बसली हाय. काल रात्री हे म्हणे, पास झाली त लग्नाचं नाव नाई काढत मी. तिले सांगाचंच राह्यलं. तू त शहरात हायेस, तुले फोनवर सगळं दिसते. पाय बरं, धावली काय ते?"

खिडकीतून मला आतलं दिसत होतं. सरांनी तिला पुढे बोलावलं होतं. ती सगळ्यांकडे तोंड करून ताठ उभी राहिली, आणि मैत्रिणीने तिच्या हातात कोरी वही दिली.

"हो मामी," मी म्हटलं. "धावली."

मामीने फोन कानावर धरूनच मामाला हाक मारली, "अवो, ऐकलं काय? धावली म्हणते आपली पोट्टी!" मामाच्या चपला फरशीवर घासत जवळ आल्या. मग मामी मला म्हणाली, "कितवा नंबर आला ते पाय ना माय, हे विचारून राह्यले."

"थांबा, पाह्यते," मी म्हटलं.

ती दोघं थांबली.