चांदबिबीच्या महालावरून दिसलेलं मंदाचं माहेर

माझी बायको मंदा गेली.

आज सकाळी सहा चाळीसला. चहाचं आधण ठेवलं, "दम लागतोय जरा" म्हणाली आणि ओट्याशीच खाली बसली. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं.

डोकं चालत नाहीये. पण हे आजच लिहायचं आहे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात आमचं लग्न झालं. महिन्याभरात तिला सायकलवर डबलसीट चांदबिबीच्या महालावर नेलं. (महाल नव्हे. ती एका वजिराची कबर आहे. शाळा सातवीपर्यंतच, पण हे मी स्वतः वाचून काढलेलं.)

वरच्या मजल्यावर तिने विचारलं, "अहो, इथनं आमचं गाव दिसंल का ओ?"

मी लांबच्या एका पांढऱ्या कळसाकडे बोट केलं. "ते बघ. तुमच्या मारुतीचं देऊळ."

ती कितीतरी वेळ बघत राहिली. हात जोडले. डोळे पुसले.

दोन वर्षांनी होकायंत्र घेऊन एकटाच वर गेलो आणि हादरलो. महाल अष्टकोनी, आठही बाजूंच्या कमानी सारख्या. जिन्यातून वर येताना माझी दिशाच फिरली होती. तिचं गाव करंजी घाटापलीकडे. तो कळस औरंगाबाद रस्त्याकडच्या भलत्याच गावाचा.

तिला सांगितलं नाही. मी लोकांच्या चुका काढणारा माणूस. जीभ रेटली नाही.

पुढे किती पाहुणे तिथे नेले! दरवेळी मंदाच पुढे होऊन दाखवायची, "त्ये बघा माझं म्हायेर."

आज अमरधामात, चिता पेटल्यावर, तिच्या भावाला, नानाला, सांगून टाकलं. "नाना, मी तिला चुकीचं गाव दाखवलं रे."

"दाजी, अक्काला म्हाईत हुतं."

"कधीपासून?"

"त्याच दिशी. आमचं देऊळ पत्र्याचं. त्याला तवा कळस हुता कुठं? आमच्या घरात तर समद्यांनाच म्हाईत हाय."

"मग बोलली का नाही?"

"म्हनायची, यवढ्या उन्हात मानसानं सायकल हानत न्हेलं, त्याला खोटं कशाला पाडू. रडू मातर खरंच आलं म्हनली."

घरी आलो तो हे लिहायलाच बसलो.

लग्नाच्या दिवशी, मांडवात जाण्याआधी, नवरदेव म्हणून मी त्याच पत्र्याखाली मारुतीच्या पाया पडलो होतो.

मंदा, मी नीट बघितलंच नव्हतं गं.

माझा शेवटचा नमस्कार घे.