टॉप गिअरमधली दुपार

गडचिरोलीत मी सकाळच्या शाळेत शिकवायचो आणि दुपारी आधुनिक संगीत करायचो. दोन्हीकडे ऐकणारी माणसं झोपायची.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. नागपूरहून मी एक जुनं पॅड आणलं होतं. जेवणाच्या डब्याएवढं खोकं, वर काळा चौकोन. की-बोर्डचा आवाज त्यात सोडायचा आणि चौकोनावर बोट फिरवायचं. बोट सरकेल तसा आवाज लांबतो, घुमतो, विरघळतो. चाल नाही, ताल नाही, सुचेल ते वाजवायचं. मला फारसं काही सुचत नसे. म्हणून की-बोर्डची एकच पट्टी काडेपेटी खुपसून दाबून ठेवायचो आणि बोट जेमतेम हलवायचो. याला मी साधना म्हणायचो. बोट उचललं की आवाज बंद. उचलल्यावरही आवाज चालू ठेवणारं एक बटण होतं, पण आधीच्या मालकाने ते दाबून दाबून मारलं होतं. घेताना मी नेमकं तेवढं सोडून बाकी सगळी बटणं तपासली होती.

माझी खोली माडीवर, खाली घरमालक, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. ते बसचे ड्रायव्हर. त्यांची मुक्कामी गाडी संध्याकाळी धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या गावी जायची आणि पहाटे परत निघायची.

एका दुपारी घरमालकीणबाई वर आल्या. तक्रार असणार म्हणून मी कलावंताच्या स्वातंत्र्यावर दोन वाक्यं मनात जुळवली.

"मास्तर, काऊन बंद केलं?"

"काय?"

"ते घूं घूं. करा ना चालू. हे उठून बसले."

मग दारातच उभ्या राहून त्यांनी सांगितलं. भाऊंना कित्येक दिवस झोप नव्हती, ना मुक्कामाला, ना घरी. मागे एकदा पहाटे गाडी चालवता चालवता डोळा लागला. जाग आली तेव्हा पुढचं चाक रस्ता सोडून मुरमावर उतरलं होतं. प्रवासी पेंगत होते, कोणाला कळलं नाही.

"मलेच सांगतलं फक्त. तेव्हापासून हे ड्युटीवर निघाले का मी पहाटेपासून दारात येऊन बसते. आज तुमचं सुरू झालं अन् पाठ टेकल्या टेकल्या घोरायले लागले. गाडी टॉप गिअरमधी चालून राह्यली असं वाटते म्हणे."

ड्रायव्हरला गाडीच्या आवाजानेच झोप लागते, हे प्रवाशांना न कळलेलं बरं. मी बोट ठेवलं.

त्यानंतर रोज शाळेतून आलो की बोट पॅडवर. ते हलवायचं नाही. जरा हललं की खालून हाक, "गिअर काऊन बदलवला?" मी हुशारी करून तो आवाज कॅसेटवर भरला आणि टेप भाऊंच्या उशाशी ठेवला. कॅसेटची बाजू संपली, खटका उडाला, आणि गाडी बंद पडली म्हणून भाऊ पाय झाडत उठले. पायाशी पाण्याची कळशी होती. बाईंनी टेप मला परत दिला आणि चेपलेली कळशीही दाखवली.

अशात चंद्रपूरचा एक मित्र आला. तोही असलंच वाजवायचा, फक्त त्याला सुचायचं. नागपुरातल्या एका कार्यक्रमासाठी तो जोडीदार शोधत होता. त्याने माझा एक सूर बराच वेळ ऐकला.

"पुढे काय?"

झालं. मला चेव आला. बोट या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेलं, गरगर फिरवलं, थरथरवलं. आवाज किंचाळला, फुटला, पुन्हा जुळला. मित्राचे डोळे चमकले. आयुष्यात पहिल्यांदा मला सुचत होतं.

खिडकीतून खाली पाहिलं तर भाऊ तोंडावर पाणी मारत होते. ऊन अजून डोक्यावर होतं, आणि खाकी शर्ट खुंटीवरून उतरला होता. बाईंनी एकदा वर पाहिलं.

"भाऊ, झोपा ना अजून," मी खिडकीतूनच म्हणालो.

"आता कायची झोप, मास्तर! तुमी तं पार घाट चढवला."

"पडून तर बघा. सपाट रस्त्याने नेतो."

ते पडले. मी परत त्या एका सुरावर आलो. मित्र वाट पाहत राहिला.

"आता?"

"आता काही नाही."

"किती वेळ?"

"ते उठेपर्यंत."

त्याने पिशवी उचलली. त्याला दारापर्यंत सोडायलाही मला उठता आलं नाही. नागपूरला तो दुसऱ्याच कोणाला घेऊन गेला.

ऊन भिंतीवरून उतरलं. खांदा भरून आला, बोट बधिर झालं, आणि जांभई देतानाही धक्का लागेल म्हणून मी ती गिळली. खाली घोरणं एकसारखं चालू होतं.

संध्याकाळी भाऊ खाकी घालून, भांग पाडून वर आले. त्यांच्या डोळ्यांतली लाली गेली होती.

"मस्त झोपलो, मास्तर. उद्याही हेच लावजा."

मी हो म्हटलं. वाकडं झालेलं बोट दुसऱ्या हाताने धरून सरळ केलं आणि चौकोनावर घामाचा ठिपका उमटला होता, तो पुसला.