खुट्टी न मोडलेली कॅसेट

मुंबईची माणसं माथेरानला हवा खायला येत. आम्हाला मात्र त्या डोंगराचा उपद्रवच होता. मुंबईहून येणारं टीव्हीचं चित्र आणि पोशीरचं आमचं घर यांच्या बरोबर मधे तो ठाण मांडून बसला होता. ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या आळीत पहिला टीव्ही आला तेव्हा सगळ्यात उंच बांबूवर अँटेना बांधली, तरी पडद्यावर मुंग्याच मुंग्या. बातम्या सांगणारी बाई एकीच्या जागी दोन दिसायची आणि दोघींपैकी एकीचंही तोंड नीट कळायचं नाही. बांबू फिरवायचं काम माझ्याकडे. "आलं का?" मी वरून ओरडायचो आणि खालून "आलं, आलं, गेलं!" असं उत्तर यायचं. माझा मुळातच ताबा लवकर सुटतो. दोनदा मी तो बांबू उपटून फेकून द्यायच्या बेतात होतो.

चौकला मात्र चित्र स्वच्छ येई. हायवेवरच्या एका गॅरेजात मी पेंटर होतो. नंबर प्लेटा, ट्रकच्या मागच्या फळीवरची कमळं, गाई, डोळे, सगळं माझ्या हातचं. गॅरेजच्या शेठनं गिऱ्हाइकांसाठी ऑफिसात टीव्ही ठेवला होता आणि रविवारी सकाळी त्यावर एक परदेशी मालिका लागायची. अंतराळात फिरणारं एक यान आणि त्यातली माणसं. ती काय बोलतात ते दहावीपर्यंतच्या माझ्या इंग्रजीला फारसं झेपत नव्हतं. त्याची मला गरजही नव्हती. यान म्हणजे लाकडाचं नाहीतर पत्र्याचं खेळणं आहे हे माझ्या पेंटरच्या नजरेला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मी बघायचो तो यानाच्या आत, चालकासमोर असलेला छोटा पडदा. त्यावर नुसत्या हिरव्या रेघांचे डोंगर होते आणि यान वळलं की ते डोंगर वळायचे. मागची बाजू पुढे यायची. कुणी काढले असतील? किती माणसं बसली असतील? जेवताना, रंग कालवताना, माझ्या डोक्यात दुसरं काही नसायचं. मला वेड लागलं होतं, दुसरा शब्द नाही.

पण नेमकं यान उतरायच्या वेळी बाहेर वेल्डिंग सुरू व्हायचं. व्होल्टेज पडायचं आणि चित्र चारी बाजूंनी आखडून पोस्टकार्डाएवढं व्हायचं. मी शेठच्या विनवण्या करायचो, दोनच मिनिटं थांबा म्हणून. "गाडी उभी हाय रोडला," शेठ म्हणायचा, "तिला काय करायचंय तुज्या इमानाचं?" त्याचं बरोबरच होतं. म्हणून जास्त चीड यायची.

शेवटी मी एका ट्रकच्या फळीवर कमळाच्या जागी यानच काढलं. चार पाय उघडून जमिनीवर उतरणारं. ड्रायव्हर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "ह्यो कुकर कशाला काढलास रं?" सगळं गॅरेज हसलं. एक माणूस तेवढा हसला नाही. खोपोलीच्या एका कारखान्यातले इंजिनियर साहेब आपल्या गाडीचा दरवाजा रंगवून घ्यायला आले होते. ते जवळ येऊन फळीकडे वाकून बघत राहिले आणि मला विचारलं, "हे हलवायचंय का तुला?"

त्यांच्या भावानं परदेशातून एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. कंपासपेटीहून जरा मोठा, नुसता कीबोर्डच. तो घरच्या टीव्हीला जोडायचा. दर रविवारी मालिका संपली की मी एसटीनं खोपोलीला त्यांच्या क्वार्टरवर जायचो आणि संध्याकाळपर्यंत तिथंच. यानातले हिरवे डोंगर माणसांनी नाही, मशीननं काढलेत, हे मला साहेबांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. मला वाटलं होतं ते काम करायला शंभर माणसं लागत असतील आणि ती सगळी मुंबईच्याही पलीकडे कुठेतरी राहत असतील.

काम किचकट होतं. आलेखाच्या वहीत आठ बाय आठ चौकोन पाडायचे, हवे ते काळे करायचे, प्रत्येक ओळीचा आकडा काढायचा आणि तो मशीनला सांगायचा. एक आकडा चुकला की यानाला भोक पडायचं. यान आकाशातून खाली येतं, थांबतं, चार पाय बाहेर काढतं आणि टेकतं, एवढंच मला करायचं होतं. सगळं मिळून वीस सेकंद. त्याला पावसाळ्यापासून होळीपर्यंतचे रविवार लागले. आज मी कॉम्प्युटरवर चित्रं हलवूनच पोट भरतो, पण पहिल्यांदा ते यान माझ्या सांगण्यावरून खाली आलं तेव्हाचा आनंद पुन्हा कधी झाला नाही. मी साहेबांच्या बायकोला स्वयंपाकघरातून ओढत आणायचंच तेवढं बाकी ठेवलं होतं.

मशीन बंद केलं की सगळं पुसलं जायचं. म्हणून केलेलं काम साध्या गाण्याच्या कॅसेटवर साठवावं लागे. टेपरेकॉर्डरवर ती कॅसेट लावली तर नुसती किंचाळी ऐकू यायची. आधी लांबलचक टीं, मग खर्रर्र. मशीनला मात्र त्यात यान ऐकू यायचं. साहेबांनी मला बजावलं होतं, "कॅसेटच्या पाठीवरची ही प्लॅस्टिकची खुट्टी मोडून टाक. मग तिच्यावर दुसरं काही भरता येणार नाही." मी मोडली नाही. यानाचा मागचा एक पाय जरा उशिरा उघडत होता, तो मला सुधारायचा होता. पुढच्या रविवारी सुधारू आणि मग मोडू, असं म्हणत मी होळीनंतरही दोन महिने काढले.

तेवढ्यात साहेबांची बदली झाली, तीही थेट दक्षिणेत. घाईघाईत सामान ट्रकमध्ये चढलं, त्यात कॉम्प्युटर गेला आणि त्यांच्या टेबलावर राहिलेली माझी आकड्यांची वहीही गेली. जाताना त्यांनी मला एक पत्र दिलं. मुंबईत त्यांच्या ओळखीचा एक माणूस होता, तो कॉम्प्युटरवर जाहिरातींची चित्रं करायला लागला होता. त्याच्याकडे हेच मशीन होतं आणि त्याला हाताखाली पोरगा हवा होता. "अमुक शनिवारी जा. बोलू नकोस जास्त, नुसती कॅसेट लाव," साहेब म्हणाले. ट्रकच्या फळ्या सोडून हेच काम जन्मभर करायला मिळणार की नाही, हे आता त्या कॅसेटवर होतं. गॅरेजात सगळीकडे रंग, ऑइल आणि धूळ. म्हणून मी ती घरी पोशीरला नेऊन माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली, फडक्यात गुंडाळून ठेवली. त्याहून सुरक्षित जागा मला ठाऊक नव्हती.

त्या शनिवारच्या आदल्या आठवड्यात बहिणीचं लग्न होतं.

आमच्या आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीण लागते. हळद, तेल, मुहूर्ताचं एकेक काम तिच्या गाण्यावर चालतं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. माझी आई धवलारीण होती. पंचक्रोशीतल्या किती पोरींची लग्नं तिनं गाऊन लावली असतील, तिलाच ठाऊक. स्वतःच्या पोरीच्या लग्नात तरी दुसरी बोलव, स्वस्थ बस, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. तिनं कुणाचं ऐकलं नाही. एक गोष्ट मात्र ती कसोशीनं पाळायची. मांडवाबाहेर तिच्या तोंडून धवला निघायचा नाही. कुणी घरी सहज म्हणून दाखव म्हटलं तरी ती हात जोडायची. "लगीन नाय तं धवला कसला?"

हळदीच्या दिवशी दुपारी मी बर्फ आणायला कर्जतला गेलो होतो. मुंबईचा आतेभाऊ नवाकोरा टेपरेकॉर्डर घेऊन आला होता. त्याला वाटलं, मामीचे धवले भरून घ्यावेत. त्याच्याजवळच्या कॅसेटा लाउडस्पीकरवाल्याकडे अडकल्या होत्या. बहिणीला माझी ट्रंक आठवली. हळदीनं माखलेल्या हातांनी तिनं फडकं सोडलं, कॅसेट काढली, आणि हे मी तिच्या बाजूनं सांगतो, त्यांनी ती आधी लावून ऐकली. टीं, खर्रर्र. उलटी करून ऐकली. तिकडेही मी तेच यान दुसऱ्यांदा साठवून ठेवलं होतं, तिकडेही टीं, खर्रर्र. आतेभाऊ जाणकार माणूस. "ही गेली कामातनं," तो म्हणाला, "हिच्यावर भरायला हरकत नाय."

मी बर्फाची लादी खांद्यावर घेऊन मांडवात शिरलो तेव्हा बायका टेपरेकॉर्डरभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या आणि त्यातून आईचा आवाज येत होता. आई समोरच बसली होती. जन्मात पहिल्यांदा ती स्वतःला ऐकत होती. "ह्यो माजा आवाज हाय?" ती प्रत्येकीला विचारत होती. "आसाच हाय?" मला बघून तिनं हाक मारली, "ये रं, आईक. तुज्याच क्याशेटीत भरलाय, दोनी बाजूला." टेपरेकॉर्डरच्या काचेतून आतली कॅसेट दिसत होती. मी ओळखली.

ओरडावंसं वाटलं. टेप उचलून आपटावासा वाटला, आतेभावाची गचांडी धरावीशी वाटली. बहीण हळदीनं पिवळी होऊन हसत होती, उद्या ती घरातून जाणार होती. कुणावर ओरडणार? मी बर्फ खाली ठेवला, "छान आलाय," म्हटलं आणि मागच्या बाजूला गोठ्यात जाऊन रडलो. वीस वर्षांचा घोडा, पण रडलो.

लग्न उरकल्यावर दोन्ही बाजू कान देऊन ऐकल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत आईच. पत्र पाठवायला साहेबांचा नवा पत्ता नव्हता आणि वहीतले आकडे शेकड्यांनी होते, ते पाठ कुणाला असणार? तरीही शनिवारी मी मुंबईला गेलो. का गेलो ते सांगायला लाज वाटते. माणसाच्या कानाला ऐकू येत नसलं, तरी आईच्या आवाजाखाली यान शिल्लक असेल आणि मशीनला ते ऐकू येईल, असं मी स्वतःला पटवलं होतं. पुसलेलं पुसलं जातं हे मला चांगलं माहीत होतं. तरी एसटीत कॅसेट मी दोन्ही हातांत धरून बसलो होतो.

तो माणूस भला होता. पत्र वाचलं, चहा मागवला, मशीन जोडलं, कॅसेट लावली. पडद्याच्या कडेला लाल-निळे पट्टे यायला लागले. कॅसेटवरचं काम मशीनमध्ये घेताना ते नेहमीच येतात, एकसारखे, शिस्तीत सरकतात. इथे ते आईच्या आवाजावर सरकत होते. तिनं सूर लांबवला की पट्टे रुंद व्हायचे, श्वास घेतला की थांबायचे, बायकांनी मागून साथ धरली की सगळी चौकट थरथरायची. मधला चौकोन तेवढा रिकामा. मशीन यानाची वाट बघत होतं आणि मीही. दोघं-तिघं आपापली कामं सोडून मागे येऊन उभे राहिले.

"हे काय गाणं आहे?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडचं. लग्नातलं."

"आणि चित्र?"

मी टेप बंद केला. मग त्यानं कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. "असू दे. आत्ता काहीतरी करून दाखव." यानाची एक ओळसुद्धा आठवली नाही. कसाबसा एक काळा चौकोन काढला, तो डावीकडून उजवीकडे गेला आणि पडद्याबाहेर निघून गेला. त्यानं मान हलवली, कॅसेट काढून माझ्या हातात दिली आणि कधी स्वतःचं मशीन झालं तर ये म्हणाला. माझं मशीन व्हायला पुढे नऊ वर्षं लागली. तोवर मी कमळंच काढली.

संध्याकाळी घरी आलो तर आई अंगणात मांडवाचे बांबू मोजून परत द्यायला लावत होती. "मंग? दावलंस का तुजं इमान?"

खरं सांगावं असं एसटीत ठरवलं होतं. तिच्या तोंडाकडे बघितल्यावर जमलं नाही. "तुजा धवला वाजला तिथं, आये," मी म्हटलं. "सगळी ऐकत उभी होती."

"माजा?" तिच्या हातातला बांबू खाली आला. "आरं येड्या, नोकरी मागाया गेलास का लगीन लावाया? तुजं काम दावायचं सोडून आयसचा धवला कशाला वाजवलास?"

मी उरलेले बांबू मोजायला लागलो. ती रागावली, बराच वेळ बडबडली, मग आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली. त्यानंतर गेल्या वर्षापर्यंत, म्हणजे ती जाईपर्यंत, घरी येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची. पोराला मुंबईत चांगली नोकरी चालून आली होती, पण याला आईचं एवढं वेड की तिथं जाऊन माझंच गाणं लावून बसला. सांगताना ती मला शिव्या घालायची आणि तिचा चेहरा असा फुलायचा की मी एकदाही तिला मधे थांबवू शकलो नाही.