आईच्या वहीतली रेघ

मला विमानतळावर सोडायला सांगलीहून दोन गाड्या भरून माणसं मुंबईला आली होती. मावशी रडत होती, काका ट्रॉलीवरच्या बॅगा पुन्हा पुन्हा मोजत होते, आणि पस्तीस वर्षं कॉलनीतल्या मुलांना गाणं शिकवलेली माझी आई काचेच्या दाराजवळ हाताची घडी घालून उभी होती. मावशी नाक पुसत तिला म्हणाली, "ताई, पोरगी मेलबर्नला मास्टर्स करायला निघालीय. दोन शब्द बोल की कौतुकाचे!"

"घरच्यांचं कौतुक आपण करू नये, लोकांनी करावं," आई म्हणाली. मग तिने माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत वर ओढली. "जा आता. रांग वाढतेय."

तुमच्यापैकी जे घर सोडून आलेत, त्यांच्याकडे त्या क्षणाचं एखादं हळवं वाक्य असेल. माझ्याकडे 'रांग वाढतेय' आहे. आणि जे मागे राहिलेत त्यांना सांगते, मला त्याचं फारसं नवलही वाटलं नाही, कारण ही बाई मी लहानपणापासून ओळखत होते.

मी दहा वर्षांची असताना आमच्या कॉलनीच्या गणपतीत गाण्याची स्पर्धा होती. तीन परीक्षक, त्यातली एक आई. मी जीव तोडून गायले. आईने सगळ्या मुलांना मार्क दिले आणि माझ्या नावापुढे पट्टीने एक सरळ रेघ मारली. बेरीज करणाऱ्या सेक्रेटरीकाकांच्या ते लक्षातच आलं नाही. त्यांनी इतरांचे तिघांचे मार्क मिळवले आणि माझे दोघांचे. अकरा मुलांत मी अकरावी आले. घरी येऊन मी आकांडतांडव केलं. "तू सांगायचंस ना त्यांना!"

"घरच्या माणसाला मार्क द्यायचे नसतात," आई कुकरची शिट्टी बसवत म्हणाली. "आणि अंतऱ्याला तुझा सूर उतरला होता."

ही रेघ मी किती वर्षं मनात धरून बसले होते ते विचारू नका.

मेलबर्नच्या क्लेटन भागात आले तेव्हा चार मुली, एक राइस कुकर आणि एक हीटर असा आमचा संसार होता. सकाळी बेकरीतली शिफ्ट, मग युनिव्हर्सिटी, मग ट्रेनमध्ये डुलकी. इथे कुणाचीही चूक असो, उत्तर एकच, 'नो वरीज, मेट'. आमच्या सांगलीत तेवढ्यावर तीन दिवस अबोला झाला असता. हळूहळू मीही नो वरीज म्हणू लागले. पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना मिळाला, नाशिकचा केदार मिळाला, ट्रुगानिनात घर झालं, ईरा झाली. एके दिवशी आम्ही नागरिकत्वही घेतलं. समारंभात मिळालेलं रोपटं हातात धरूनच मी आईला फोन केला. ती म्हणाली, "बरं. तुमचा देश, तुम्ही बघा."

मला ते लागलं. त्यानंतर ती दीड महिना राहायला आली. तिच्या खोलीतलं कपाट मी रिकामं करून, कागद घालून ठेवलं होतं. तिने ते उघडलं नाही. रोज बॅगेतून साडी काढायची, धुऊन वाळली की घडी घालून पुन्हा बॅगेत. "पाहुण्याने कपाटं अडवू नयेत," म्हणाली. नातीवर जीव, जावयाचं कौतुक, अंगणातल्या कढीपत्त्याला रोज पाणी, पण दीड महिना बाई बॅगेतच राहिली. ती परत गेल्यावर त्या कपाटात केदारचे कोट गेले, आणि रागाने मी ते तिला फोनवर सांगूनही टाकलं. तेव्हापासून माझी एकच इच्छा होती, की आईने एकदा तरी हे घर आपलं मानावं. पण तिला असं विचारणार कोण?

आता युरोव्हिजनकडे येते. युरोपातल्या देशांची ही टीव्हीवरची गाण्यांची स्पर्धा. त्यात ऑस्ट्रेलिया काय करतो, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. लग्नात लांबच्या पाहुण्याला आग्रहाने बोलवावं आणि त्याने पुढच्या रांगेत नाचावं, तसंच काहीसं. पण नाचतो मात्र मनापासून. आम्हाला हे वेड लावलं शेजारच्या रीटाने. ती सत्तरीची, लहानपणी माल्टाहून बोटीने इथे आलेली. तिचं मत माल्टा फायनलला पोचला तर माल्टाला, नाही तर रागाने शेजारच्या इटलीला. "आपण राहतो त्या देशाला मत देता येत नाही, लव्ह," तिने ईराला नियम सांगितला. मी तो नियम फोनवर आईला सांगितला, तेव्हा ती खूश झाली. "वा! शहाणी माणसं आहेत. घरच्याला मार्क द्यायचे नसतातच."

यंदा ऑस्ट्रेलिया फायनलला पोचला आणि ईराला शोध लागला, की जे देश स्पर्धेत नाहीत तिथल्या लोकांनाही ऑनलाइन मत देता येतं. म्हणजे आम्हाला नाही, पण सांगलीला मत आहे! तिने लगेच व्हिडिओ कॉल लावला. "आजी, यू हॅव टू व्होट फॉर ऑस्ट्रेलिया! वुई कान्ट!"

"आधी गाणी ऐकते, मग बघते," आजी म्हणाली.

तिने दोन बैठकांत फायनलची सगळी गाणी ऐकली. वहीत रकाने आखले: सूर, ताल, शब्दोच्चार, सादरीकरण. "भाषा कळत नाही, मग शब्दोच्चार कसे तपासतेस?" मी विचारलं. "पुटपुटतोय की गातोय, ते कुठल्याही भाषेत कळतं," ती म्हणाली. धुरातून वर येणाऱ्या एका गायकाचे तिने सादरीकरणात दोन मार्क कापले, 'घशाला वाईट' म्हणून. शनिवारी दुपारी तिने वीजबिल भरायच्या कार्डाने मत दिलं. कुणाला, ते सांगेना. "परीक्षक निकालाआधी बोलत नाही."

इथे फायनल रविवारी पहाटे पाचला लागते. मे महिन्याची थंडी, हीटर, चहा, पोहे, आणि झग्यावर कोट चढवून आलेली रीटा, हातात गरम पास्तिझीचा ट्रे. चीज भरलेल्या त्या खुसखुशीत करंज्याच म्हणा ना! आम्ही ऑस्ट्रेलियाच्या गाण्याला सोफ्यावर उभं राहून नाचलो. केदारने चहा सांडला. मार्क जाहीर होताना ईरा प्रत्येक वेळी "दॅट्स आजीज!" म्हणून ओरडत होती. आमचा नंबर काही वर लागला नाही, पण त्याचं कुणाला काय? रीटा घरी जाताना गात गेली.

साडेनऊला सांगलीत पाच वाजतात आणि आई रियाजाला उठते. ईराने फोन लावला. "आजी, आम्हाला किती दिलेस?"

आईने वही कॅमेऱ्यासमोर धरली. एकेका देशापुढे मार्क होते, शेरे होते. सगळ्यांत जास्त मार्क आणि तिचं मत अशा एका मुलीला गेलं होतं, जिचा देश नकाशात शोधायला तिला भिंग लागलं होतं. ऑस्ट्रेलियापुढे पट्टीने मारलेली सरळ रेघ होती.

मी ती रेघ ओळखली.

"झीरो?" ईरा किंचाळली. "आजी! दॅट्स सो अनफेअर!"

"शून्य नाही गं ते. शून्य परक्याला देतात," आई म्हणाली. "माझी लेक तिथे, जावई तिथे, तू तिथे. घरच्या माणसाला मार्क कसे देणार?" आणि मग, राहवलं नाही म्हणून, "शिवाय अंतऱ्याला तुमच्या गायिकेचा सूर उतरला होता."

ईरा फुरंगटून आत गेली. मी तिथेच बसून हसत होते आणि रडतही होते. घर म्हणजे काय, असं मला आता कुणी विचारलं तर मी ती रेघ दाखवीन. अकरा मुलांत अकरावी आल्याचा आनंद मला तीस वर्षांनी, ट्रुगानिनाच्या सोफ्यावर, सांडलेल्या चहाशेजारी झाला.

मग मी इतकी वर्षं न विचारलेलं विचारून टाकलं. "आई, दिवाळीला येशील तेव्हा बॅग रिकामी करशील?"

"कपाटात जावईबापूंचे कोट आहेत ना?"

"काढते."

"मग करेन," ती म्हणाली. "ठेव आता. रियाजाची वेळ झाली."

फोन ठेवला आणि मी केदारचे कोट गॅरेजमध्ये नेऊन टांगले. दिवाळीला अजून सहा महिने होते.